उन्हाळ्यात गोल्फ कोर्स जगवताना

दुपारी दोनच्या सुमाराला ग्रीनवर, म्हणजे चेंडूच्या भोकाभोवतालच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, दहा पावलं चाला आणि मागे वळून बघा. पावलांचे ठसे लगेच भरून आले तर गवत मजेत आहे. ठसे तसेच राहिले आणि हिरव्यावर निळसर-करडी झाक आली असेल, तर गवताने मान टाकायला सुरुवात केली आहे. ते अजून मेलेलं नाही. पण तासाभरात होज पाईप तिथे पोचला नाही तर उद्या तो डाग तपकिरी होईल आणि भरून यायला कित्येक आठवडे घेईल. उन्हाळ्यातली निम्मी देखभाल म्हणजे हे असं मागे वळून बघणं. उरलेली निम्मी म्हणजे हात आवरणं, कारण एरवी गवताला मानवणारी बरीच कामं या दिवसांत त्याच्या जिवावर उठतात.

आधी आपलं गवत कोणतं ते बघा

सगळ्या गोल्फ कोर्सना लागू पडेल असं एकच वेळापत्रक नाही. गवताची दोन घराणी आहेत आणि उन्हाळा त्यांना अगदी उलट वागवतो.

बेंटग्रास, पोआ अ‍ॅनुआ, रायग्रास ही थंडीची गवतं. त्यांची पानं १६ ते २४ अंश सेल्सिअसला जोमात असतात आणि मुळं १० ते १८ अंशांच्या मातीत उत्तम वाढतात. मातीचं तापमान २४-२५च्या वर राहू लागलं की मुळं वाढायची थांबतात आणि मग झडू लागतात. पान दिवसभरात जेवढं अन्न तयार करतं, त्याहून जास्त ते श्वसनात जाळतं. म्हणजे खातं रोज तोट्यात. पोआ यात सगळ्यात नाजूक, कारण तिची मुळं मुळातच उथळ असतात.

बर्म्युडा, झॉयसिया, पॅस्पॅलम ही उष्णतेची गवतं. ग्रीनवरची बर्म्युडा म्हणजे हरळीच्याच कुळातली, बारीक पानांची सुधारित जात. तिला २७ ते ३५ अंश तापमान आवडतं. हिच्यासाठी उन्हाळा हा कसून काम करून घ्यायचा हंगाम आहे: नळीदार खिळ्यांनी माती काढून भोकं पाडणं, उभी कापणी (उभ्या पात्यांनी गवत विरळ करणं), वाळूचा थर, भरपूर नत्र हे सगळं याच दिवसांत उरकायचं, कारण ती आठ-पंधरा दिवसांत सावरते. पाणी आणि किडीबद्दल पुढे लिहिलेलं तिलाही लागू आहे. कापणी आणि खताबद्दलचं मात्र थंडीच्या गवतांसाठी समजा.

ऊन तापायच्या आधीची तयारी

उन्हाळा सुरू झाल्यावर मुळं वाढवता येत नाहीत, असलेली टिकवता येतात एवढंच. म्हणून भोकं पाडून माती काढायचं मोठं काम ऊन तापायच्या निदान दीड-दोन महिने आधी संपवा आणि भोकं वाळूने वरपर्यंत भरा. त्याच वेळी ग्रीनच्या कडेच्या झाडांकडे बघा. वारा अडवणाऱ्या फांद्या आणि ग्रीनमध्ये घुसलेली झाडांची मुळं यांचा निकाल आत्ताच लावायचा. वारा न लागणारं ग्रीन उन्हाळ्यात सगळ्यात आधी आजारी पडतं. दरवर्षी तेच ग्रीन जात असेल तर बुरशीनाशक बदलून काही होत नाही, झाडं विरळ करा.

मग स्प्रिंकलरची परीक्षा. एकसारख्या तोंडाचे वीस डबे ग्रीनवर सारख्या अंतरावर मांडा, दहा मिनिटं पाणी सोडा आणि प्रत्येक डब्यात किती मिलिमीटर पाणी साठलं ते पट्टीने मोजून लिहून ठेवा. सगळ्यात कमी पाण्याच्या पाच डब्यांची सरासरी काढा आणि तिला सगळ्या डब्यांच्या सरासरीने भागा. उत्तर ०.७५च्या वर आलं तर बरं. ०.५५-०.६० आलं तर नोझल झिजलंय, एखादं स्प्रिंकलर तिरकं झालंय किंवा दाब कमी पडतोय. हे न सुधारता उन्हाळ्यात शिरलात की कोरड्या कोपऱ्याला पुरेसं पाणी पोचवायच्या नादात बाकीचं ग्रीन चिखल होतं.

आणि मुळं मोजा. त्यासाठी वेगळं उपकरण लागत नाही. रोज चेंडूच्या भोकाची जागा बदलताना १०८ मिलिमीटर व्यासाचा मातीचा गड्डा निघतोच. तो जुन्या भोकात दाबण्याआधी एका बाजूने हलकेच उकला, पांढरी मुळं कुठवर गेलीत ते पट्टीने बघा आणि तारीख घालून लिहा. हंगामाच्या सुरुवातीला १२-१५ सेंटिमीटर दिसणारी मुळं ऐन उन्हाळ्याच्या शेवटी चार-पाच सेंटिमीटरवर येतात. ती कधी आखडायला लागली हे कळलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. तोच गड्डा जुन्या भोकात बसवल्यावर सगळ्यात आधी सुकतो, कारण त्याची मुळं चोहोबाजूंनी कापली गेलेली असतात. त्याला रोज हाताने पाणी द्यायला विसरू नका.

पाणी: किती, कधी, कुठे

इथेच सगळे चुकतात, आणि बहुतेक वेळा कमी पाणी देऊन नव्हे, जास्त देऊन.

हिशोब साधा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात गवत आणि माती मिळून दिवसाला पाच ते आठ मिलिमीटर पाणी उडवतात. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनवर सहा मिलिमीटर म्हणजे ३,००० लिटर. हे सगळंच्या सगळं स्प्रिंकलरने भरून काढू नका. सत्तर-पंचाहत्तर टक्के स्प्रिंकलरने द्या आणि उरलेलं, जिथे खरोखर लागतं तिथे, होज पाईपने. उंचवटे, कडा आणि बंकरच्या (वाळूच्या खड्ड्यांच्या) माथ्यावरचा भाग आधी सुकतात. खोलगट जागांना बहुधा वेगळं काही द्यावं लागत नाही.

वेळ पहाटेची, उजाडायच्या आधी. तेव्हा वारा कमी असतो, पाणी कमी उडतं आणि पानं दवाने ओली असतातच. संध्याकाळी पाणी दिलं तर पानं रात्रभर ओली राहतात, आणि बुरशीला तेच हवं असतं.

‘खोल आणि क्वचित’ हा पाण्याचा नियम सगळ्यांना पाठ असतो. मुळं १२ सेंटिमीटर असतात तोवर तो बरोबर आहे. ती चार सेंटिमीटरवर आल्यावर १५ सेंटिमीटर खोल पाणी मुरवून कुणासाठी? तेव्हा मुळं जिथे आहेत तिथेच, थोडं-थोडं पण रोज पाणी द्यावं लागतं. वाळूवरच्या ग्रीनमध्ये याला आणखी एक कंगोरा आहे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६०मध्ये ज्या रचनेची शिफारस केली, तीत सुमारे ३० सेंटिमीटर वाळूच्या थराखाली खडी असते. खडीच्या वरच्या अंगाला वाळू पाणी धरून ठेवते. त्यामुळे खाली ओल आणि वर भुकटी अशी अवस्था सर्रास दिसते, आणि आखडलेल्या मुळांना खालच्या ओलीचा काही उपयोग नसतो.

ओलावा मोजायला दोन दांड्यांचा मीटर मिळतो. मातीच्या आकारमानात पाणी किती टक्के आहे ते तो सांगतो. ग्रीनवर नऊ जागा ठरवा आणि रोज सकाळी त्याच जागी मोजा. दुसऱ्या कोर्सचे आकडे मात्र उसने घेऊ नका. आपला आकडा असा काढा: एका बाजूच्या कोपऱ्यात पाणी थांबवा, रोज दुपारी मीटर खुपसा आणि पावलांचे ठसे उमटायला लागतील त्या दिवशीचं वाचन लिहून ठेवा. समजा ते ११ टक्के आलं. मग सकाळी १५-१६ असेल तर तो भाग दिवस काढेल, १३ असेल तर दुपारी पाईप घेऊन जावं लागेल, आणि २५च्या वर असेल तर आज पाणी बंद. मीटर नसेल तर सुरीने पाचर काढा आणि मुठीत दाबा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तशी माती हवी: गोळा होईल, पण हाताला पाणी लागणार नाही.

दुपारचा हलका फवारा हे वेगळं काम आहे, त्याला पाणी देणं समजू नका. उद्देश पान ओलं करून ते सुकताना थंड व्हावं एवढाच. मिनिट-दीड मिनिट धुक्यासारखं पाणी पुरे, माती भिजता कामा नये. कोरड्या हवेत आणि वारा असताना याचा छान उपयोग होतो. हवा दमट आणि कोंडलेली असेल तर पाणी उडतच नाही, मग थंडावा कुठून येणार? अशा जागी मोठा पंखा लावणं हाच खरा उपाय.

काही डाग कितीही पाणी दिलं तरी कोरडेच राहतात. तिथला गड्डा काढून आडवा धरा आणि दर सेंटिमीटरला पाण्याचा एकेक थेंब सोडा. थेंब पाच सेकंदांहून जास्त मोत्यासारखा बसून राहिला तर त्या खोलीवरच्या वाळूच्या कणांवर सेंद्रिय मेणचट थर चढला आहे आणि ती वाळू पाण्याला शिवूच देत नाही. अशा जागी बारीक खिळ्यांनी टोचून ओलावाकारक द्रव द्यायचं आणि लगेच पाण्याने ते आत धुवून घ्यायचं. पानावर राहिलं तर जळतं.

आता माझी एक चूक सांगतो. एका उन्हाळ्यात संध्याकाळी वळवाचा जोरदार पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी कडकडीत ऊन पडलं. दुपारी एक ग्रीन निळसर पडलेलं दिसलं. पावलांचे ठसे राहत होते, सगळी लक्षणं तहानेचीच. मी पाणी सोडायला सांगितलं. सुरी खिशात होती, ती काढली नाही. काढली असती तर माती लापशीसारखी ओली दिसली असती. पाणी तुंबल्यामुळे मुळांना हवा मिळत नव्हती, आणि हवेशिवाय मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणजे गवत पाण्यात उभं राहून तहानेने मरत होतं आणि मी त्यात आणखी पाणी घातलं. तीन दिवसांत खोलगट अर्धं ग्रीन गेलं. तेव्हापासून माझा नियम आहे की सुरी घातल्याशिवाय पाईप उघडायचा नाही. ओल्या मातीत गवत मलूल दिसलं तर पानावर फवारा चालतो, पंखा चालतो, बारीक भोकं चालतात. पाणी नाही.

कापणी

थंडीच्या गवताच्या ग्रीनची उंची ३ मिलिमीटर असेल तर ती ३.५वर न्या, फारच ताण असेल तर ४वर. अर्धा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो उंचीचा सहावा हिस्सा आहे. तेवढं जास्त पान म्हणजे तेवढं जास्त अन्न आणि मुळांना तेवढा जास्त आधार.

खेळणारे लगेच विचारतील, ग्रीन मंदावलं का? ग्रीनचा वेग मोजायची पट्टी एडवर्ड स्टिम्पसनने १९३५मध्ये बनवली. तिच्यावरून सोडलेला चेंडू तुमच्या ग्रीनवर साडेदहा फुटांऐवजी साडेनऊ फूट धावला तर कुणाचंही आकाश कोसळत नाही. शिवाय वेग राखायला दुसरी वाट आहे: हलका रोलर. एक दिवस कापणी आणि एक दिवस नुसता रोलर असं आलटून-पालटून केलं तर चेंडू नीट धावतो आणि गवताला एक दिवस सुट्टी मिळते. माती ओली असताना रोलर फिरवू नका एवढंच पथ्य.

बाकी बारीकसारीक गोष्टी, पण त्यांवरच बरंच अवलंबून असतं. पाती रोज तपासा. कागदाची पट्टी मोअरच्या (कापणी यंत्राच्या) रीलमध्ये, म्हणजे फिरत्या पात्यांत, धरून हाताने फिरवली की ती सर्रकन कापली गेली पाहिजे. चुरगळली तर पानंही तशीच फाटतायत. मोअरला खाचांच्या रोलरऐवजी सपाट रोलर लावा. ग्रीनच्या कडेने मारायची शेवटची गोल फेरी एक दिवसाआड टाळा, कारण वळताना मोअर तिथेच गवत रगडतो आणि उन्हाळ्यात कडेला उमटणारं तपकिरी कडं बहुधा त्यानेच आलेलं असतं. दुपारी कापणी अजिबात नको. उभी कापणी आणि ब्रशने वाळू घासणं ही कामं हवा थंडावेपर्यंत विसरून जा. वाळूचा कण तापलेल्या पानाला सँडपेपरसारखा लागतो.

माती मात्र मधूनमधून टोचत राहा. ५-६ मिलिमीटरच्या भरीव खिळ्यांनी दोन-तीन आठवड्यांनी एकदा, सकाळच्या थंडीत. मातीतला कोंडलेला वायू निघून जातो, पाणी मुरतं आणि रोलर फिरवला की चेंडूला भोकं जाणवतही नाहीत. एवढ्या कमी खर्चात इतका उपयोग होणारं दुसरं काम उन्हाळ्यात मला माहीत नाही.

खत: चमच्याने भरवायचं

दाणेदार खताची मूठ या दिवसांत नको. आठवड्याला चौरस मीटरमागे अर्धा ग्रॅम नत्र, फवाऱ्यातून. ५०० चौरस मीटरला २५० ग्रॅम नत्र लागेल. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे सुमारे ५४० ग्रॅम युरिया. तो ३० लिटर पाण्यात विरघळवून पहाटे फवारा. नत्र पूर्ण बंद करणंही चुकीचं, उपाशी गवतावर डॉलर स्पॉट आणि अँथ्रॅक्नोज हे बुरशीचे रोग लगेच बसतात. रंग हवाच असेल तर थोडं लोह द्या, त्याने वाढ न होता हिरवेपणा येतो. पालाश कमी पडू देऊ नका.

वाढ आवरायला ट्रिनेक्सापॅक-इथाइल वापरत असाल तर महिन्याचा ठोका सोडून द्या. उष्णतेत गवत ते झपाट्याने पचवतं. रोजच्या सरासरी तापमानाची अंश सेल्सिअसमध्ये बेरीज करत जा आणि बेंटग्रासच्या ग्रीनवर बेरीज २००च्या आसपास आली की पुन्हा फवारा. सरासरी २५ असेल तर हे आठ दिवसांतच होतं. महिनाभर थांबलात तर मधल्या काळात गवत दबलेली वाढ उसळून भरून काढतं आणि ग्रीन फुगल्यासारखं होतं.

रोग आणि कीड

रात्रीचं तापमान बघायची सवय लावा. रात्र २० अंशांच्या वर राहिली आणि हवा दमट असली की ब्राउन पॅच आणि पिथियम या रोगांचे दिवस आले. ब्राउन पॅचची गोल चट्ट्यांभोवतीची धुरकट कड पहाटे दवातच दिसते, नऊ वाजेपर्यंत नाहीशी होते. पिथियम त्याहून वाईट. तेलकट, काळपट डाग, पहाटे त्यावर कापसासारखी बुरशी, आणि बघता बघता डाग पाण्याच्या वाटेने किंवा मोअरच्या चाकांच्या रेषेत लांबत जातात. असा डाग दिसला तर त्या ग्रीनवर मोअर नेऊ नका, नाहीतर तुम्हीच तो पुढच्या ग्रीनवर पोचवाल.

फवारणीच्या आधीचा स्वस्त उपाय म्हणजे सकाळी लवकर दव झटकणं, होज ओढून किंवा लांब काठीने. पान जितके कमी तास ओलं, तितका रोग कमी. बुरशीनाशक लागलं तर सलग दोनदा एकाच गटातलं मारू नका, लेबलवरचं प्रमाण वाढवू नका, आणि उन्हात फवारू नका.

फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, पक्षी किंवा जनावरं माती उकरताना दिसली तर खाली हुमणी असण्याची शक्यता मोठी. गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीसारखं उचललं गेलं तर मुळं खाल्ली गेली आहेत. पानं कुरतडणाऱ्या अळ्यांसाठी साबणाची युक्ती आहे: भांडी घासायचा द्रव साबण दोन मोठे चमचे, पाणी पाच-सहा लिटर, ओता एक चौरस मीटरवर. पाच-दहा मिनिटांत अळ्या वर येतात. मोजा, मग औषधाचं ठरवा.

बाकीचा कोर्स

पाणी कमी असेल तर क्रम ठरलेला ठेवा: ग्रीन, मग टी (पहिला फटका मारायची जागा), मग फेअरवे, सगळ्यात शेवटी रफ (बाजूचं उंच गवत). रफ पिवळं पडलं तर पडू द्या. फेअरवे १० मिलिमीटरवर असेल तर १३वर न्या. कोरडा, घट्ट, पिंगट फेअरवे खेळायला वाईट नसतो, चेंडू उलट लांब धावतो. अमेरिकेतल्या पाइनहर्स्टचा क्रमांक दोनचा कोर्स २०१०-११मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या कोर्स रचनाकारांनी नव्याने घडवला तेव्हा तिथली स्प्रिंकलर सुमारे १,१५० वरून सुमारे ४५० वर आणली. कडांनी तपकिरी पडलेल्या त्याच कोर्सवर २०१४मध्ये पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत झाली. सदस्य कटकट करू लागले की मी हे सांगतो. सगळ्यांना पटतंच असं नाही.

सुकलेल्या गवतावरून गाडी गेली तर चाकांचे पट्टे जळून उमटतात, म्हणून दुपारी गाड्या रस्त्यावरच. टीच्या खुणा रोज सरकवा. बंकरमध्ये तळाला १०-१५ सेंटिमीटर वाळू आणि उतारावर पाचेक सेंटिमीटर एवढं राखा. तळ्यातलं पाणी आटत जाईल तसा क्षार वाढतो, तेव्हा पाण्याची विद्युतवाहकता दर पंधरा दिवसांनी तपासा आणि वाढली असेल तर मधूनमधून एकदा भरपूर पाणी सोडून क्षार खाली धुवून काढा. हे करायचं निचरा चांगला असेल तरच.

आणि माणसं. कामाची सुरुवात पहाटे करा, जड कामं दहाच्या आत संपवा. दुपारी पाईप धरणारा एकटा नसावा, त्याच्याजवळ प्यायचं पाणी आणि बसायला सावली असावी.

रात्री गार व्हायला लागल्या की लगेच भोकं पाडायची यंत्रं बाहेर काढायचा मोह होतो. आठ-दहा दिवस थांबा. रोजचा गड्डा बघत राहा. तपकिरी मुळांच्या टोकांना नवी पांढरी टोकं फुटलेली दिसली की मग भोकं पाडा, वाळू भरा आणि कापणीची उंची आठवड्याला पाव मिलिमीटर या बेताने खाली आणा.